अशोक सराफ यांचे सर्वोत्तम दहा चित्रपट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अशोकमामांच्या चित्रपटांची क्रमवारी लावणं म्हणजे घरच्या घरी भांडण ओढवून घेणं. मी ते ओढवून घेतलं. यादी मित्रांना पाठवली, त्यांनी पुढे पाठवली, आणि आता लग्नात, बसमध्ये, दवाखान्यातल्या बाकड्यावरसुद्धा तेच तेच प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन दमलो, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

आधी यादी सांगा, मग बाकीचं.

घ्या. पहिला ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८), दुसरा ‘गंमत जंमत’ (१९८७), तिसरा ‘निशाणी डावा अंगठा’ (२००९), चौथा ‘धुमधडाका’ (१९८५), पाचवा ‘आयत्या घरात घरोबा’ (१९९१), सहावा ‘पांडू हवालदार’ (१९७५), सातवा ‘गुपचूप गुपचूप’ (१९८३), आठवा ‘एक डाव धोबीपछाड’ (२००९), नववा ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) आणि दहावा ‘भुताचा भाऊ’ (१९८९).

तिसऱ्या नंबरवर अडखळलात ना? सगळेच अडखळतात. खाली सांगतो.

क्रम कशावरून लावला? तिकीटबारी, पुरस्कार की आवड?

तिकीटबारी नाही, पुरस्कारही नाहीत. मामांना २०२३ या वर्षाचा महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला, २०२५मध्ये पद्मश्री जाहीर झाली, पण त्यावरून ‘गंमत जंमत’ आणि ‘भुताचा भाऊ’ यांत डावं-उजवं करता येत नाही.

माझा निकष एकच आहे: समोरचा बोलत असताना अशोक सराफ काय करतात? विनोदी नट म्हटला की आपण त्याची वाक्यं आठवतो. मामांच्या बाबतीत वाक्यं बाजूला ठेवून पाहा. हा माणूस ऐकताना हसवतो. समोरचा काहीतरी भयंकर बोलून बसतो आणि मामांच्या चेहऱ्यावर आधी काहीच होत नाही. मग मान किंचित वळते, डोळे एकदा मिटून उघडतात, ओठ वाक्य जुळवायला लागतात. तेवढ्यात थिएटर हसून मोकळं झालेलं असतं. ज्या चित्रपटात या ऐकण्याला जागा मिळाली तो वर. जिथे त्यांना नुसतं धावायला आणि ओरडायला लावलं तो खाली, मग तो कितीही गाजलेला असो.

‘बनवाबनवी’ पहिला, हे तर कुणीही सांगेल. त्यात नवं काय?

नवं काही नाही. पण लोक तो वर का ठेवतात आणि मी का ठेवतो, यात फरक आहे.

लोक म्हणतात, लक्ष्या आणि सचिन साडीत काय दिसलेत! खरंच आहे. परंतु साडी नेसलेली दोन माणसं विनोदी दिसायला कुणीतरी त्या साड्यांची काळजी करणारा लागतो. तो म्हणजे धनंजय माने. पुण्यात डोक्यावर छप्पर नाही, धाकटा भाऊ आणि दोन मित्र गळ्यात पडलेत, घरमालकीण लीलाबाई काळभोर फक्त लग्न झालेल्या जोडप्यांना जागा देणार, आणि ज्या कंपनीत नोकरी तिथल्या मालकिणीवरच जीव जडलाय. चौघांत खोटं सगळेच बोलतात, पण त्या खोट्याचा हिशेब एकटा धनंजय ठेवतो. कुणाला काय सांगितलंय, कुणाची बायको कोण, कोण कधी घरी येणार. मामांच्या चेहऱ्यावर चित्रपटभर ती वही उघडी असते.

गंमत बघा. या चित्रपटातलं सर्वांत प्रसिद्ध वाक्य कोणतं? ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हे वाक्य मामांचं नाहीच! दुसरा कुणीतरी विचारतो, आणि ते नेमकं आधीच्या घरमालकाच्या, सरपोतदारांच्या, कानावर पडल्यावर धनंजयची जी तारांबळ उडते त्यावर आपण हसतो. ज्या नटाच्या भूमिकेची ओळख दुसऱ्याच्या तोंडच्या प्रश्नाने होते, असा दुसरा मला तरी माहीत नाही.

आता भाषेची एक बारीक गोष्ट. ‘हा माझा बायको पार्वती’ हे वाक्य कागदावर लिहिलं तर व्याकरणाची चूक, एवढंच. पडद्यावर बघताना लक्ष ठेवा: ‘हा माझा’पर्यंत गाडी वेगात आलेली असते, कारण समोर उभा आहे तो परशा, साडी नेसून पार्वती झालेला मित्र. ‘बायको’ म्हणताना माणसाला आठवतं की आता ‘हा’ची ‘ही’ झालीय. पण ‘हा माझा’ तर निघून गेलेलं, परत घेता येत नाही. मराठीत लिंग सर्वनामातच येऊन बसतं, म्हणून हा विनोद होतो. दुसऱ्या भाषेत उतरवायला जा, हातात काही राहणार नाही. वसंत सबनीसांच्या लेखणीचं श्रेय मोठंच. पण अडखळायचं कुठे, हे नटानेच ठरवायचं असतं.

आणि सरपोतदारांकडून घेतलेले ते सत्तर रुपये. ‘वारले’ हा शब्द आपण आब राखून वापरतो, कुणा वडीलधाऱ्या माणसासाठी. तोच शब्द, तोच सुतकी आवाज मामा पैशांना लावतात. तिथे ते हसवण्याचा प्रयत्नच करत नाहीत, सांत्वनाला आल्यासारखे बोलतात. सुधीर जोशींचा सरपोतदार समोर आहे म्हणून हे चाललं, हेही लिहून ठेवतो. सुधीर जोशी चिडायला लागले की मामा आणखी नम्र होत जातात. दोघांची ती जुगलबंदी मी आवाज बंद करूनही पाहिली आहे, तरी हसू येतं.

जाता जाता: निवेदिता जोशी, म्हणजे पुढे मामांच्या पत्नी, या चित्रपटात त्यांच्या नव्हे तर धाकट्या भावाच्या नायिका आहेत. मामांच्या वाट्याला अश्विनी भावे.

‘धुमधडाका’ चौथा? ‘व्याख्या विख्खी’ विसरलात की काय?

हा प्रश्न रागाने विचारला जातो. कसा विसरेन? तोंडात पाइप, घशात ठसका आणि त्या ठसक्यातून निघालेले ते निरर्थक आवाज. यदुनाथ जवळकर या बनावट श्रीमंताचा दरारा मामांनी एका खोकल्यावर उभा केला आणि चाळीस वर्षं झाली तरी लोक तो खोकतायत. महेश कोठारे यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट. शरद तळवलकर समोर, म्हणजे ऐकणारा आणि ऐकवणारा दोघेही पट्टीचे.

मग चौथा का? कारण त्यातला सगळ्यांत मोठा हशा मामांच्या वाट्याचा नाही. चित्रपटवेडा मुलगा बापाला गोष्ट रंगवून सांगतो आणि बापाची गाळण उडते, तो प्रसंग लक्ष्मीकांत बेर्डे आणि तळवलकरांचा. १९६६च्या ‘प्यार किये जा’मध्ये तो मेहमूद आणि ओमप्रकाश यांनी करून ठेवला होता. चित्रपट म्हणून ‘धुमधडाका’ कदाचित दुसरा येईल. मामांचा चित्रपट म्हणून चौथा. एवढाच माझा मुद्दा आहे.

‘गंमत जंमत’ एवढा वर कसा?

दोन कडके मित्र श्रीमंत मुलीला पळवतात आणि गुन्हा त्यांनाच झेपत नाही. मामांचा फाल्गुन हा गुन्हेगार होण्याच्या लायकीचाच माणूस नाही. दम द्यायला जातो आणि अर्ध्या वाक्यात त्यालाच वाईट वाटतं. धमकी देताना मामांचा आवाज वर चढत नाही, खाली येतो, जणू घरातलं कुणी झोपलंय. सचिन, चारुशीला साबळे, वर्षा उसगावकर, सतीश शाह, सगळे फॉर्मात. पण चित्रपट उभा आहे तो फाल्गुनच्या भिडस्तपणावर.

‘अश्विनी ये ना’ वेगळं सांगायला हवं. किशोरकुमार मराठीत मोजकीच गाणी गायले, त्यातलं हे. आता विचार करा: किशोरकुमारचा आवाज हा स्वतःच एक नट आहे. त्यात उड्या आहेत, हेल आहेत, मस्करी आहे. त्या आवाजाला तोंड द्यायचं म्हणजे एक तर तुम्ही दिसेनासे होता, नाहीतर दुप्पट हातवारे करून हास्यास्पद होता. मामांनी मधला रस्ता काढला. ते गाण्यात नाचतात ते नाचता न येणाऱ्या, पण आज अडणार नाही असं ठरवलेल्या माणसासारखे. वरातीत प्रत्येकाने असा एक काका पाहिलेला असतो.

‘निशाणी डावा अंगठा’ कोण बघतं? तो तिसरा?

बघत नाहीत म्हणूनच तिसरा ठेवलाय, असा आरोप माझ्या मेव्हण्याने केला. तसं नाही.

रमेश इंगळे उत्रादकर यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट पुरुषोत्तम बेर्डे यांनी केला. खेड्यातली शाळा, वरून आलेलं प्रौढ साक्षरता अभियान आणि ते कागदावर यशस्वी करून दाखवायची मास्तरांची धडपड. मामा मुख्याध्यापक आहेत. इथे वेषांतर नाही, ठसका नाही, पाठलाग नाही. आहे तो एक त्रासलेला सरकारी माणूस. वरून फोन आला की ‘हो साहेब’, फोन ठेवला की खालच्यांवर वैताग, आणि खालच्यांनी हात वर केले की पुन्हा गरीब चेहरा. जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्यांचं कुणी नोकरीला आहे त्यांनी हा चित्रपट त्या माणसाबरोबर बसून बघावा. माझी आत्या शिक्षिका होती. तिने अर्ध्या तासात दोनदा थांबवायला लावला, हसण्यासाठी नव्हे, ‘अरे, हे आमच्याकडे अस्संच झालं होतं’ हे सांगण्यासाठी.

मामा हसवण्यासाठी आयुष्यभर जे वापरत आले, तो अडकलेल्या माणसाचा चेहरा, इथे त्यांनी जवळजवळ काही न मिसळता वापरलाय. म्हणून तिसरा.

लक्ष्याबरोबरचे बाकीचे चित्रपट कुठे गेले?

‘बाळाचे बाप ब्रह्मचारी’, ‘शेजारी शेजारी’, ‘चंगू मंगू’, ‘फेकाफेकी’… ही यादी संपत नाही. १९८८ ते १९९१ या काळात दोघांनी किती चित्रपट एकत्र केले हे त्यांनाही बोटांवर मोजता आलं नसतं. रविवारी दुपारी यातलं काहीही लागलं तर मी उठत नाही. पण क्रमवारी लावायला बसल्यावर लक्षात येतं की पुष्कळ ठिकाणी पटकथा म्हणजे ‘हे दोघं आहेत ना, बघून घेतील’ एवढीच होती. त्यांनी बघून घेतलंही.

या जोडीचं गणित मात्र सुंदर होतं. लक्ष्मीकांत बेर्डे प्रसंगात शिरले की वेग वाढायचा. मामा आत आले की तो वेग कुठेतरी आदळायचा. एक गाडी, दुसरा गतिरोधक. लक्ष्या १६ डिसेंबर २००४ रोजी गेला, त्यानंतर मामांच्या विनोदाची लय बदललेली दिसते. वेगवान जोडीदार नाही म्हटल्यावर मामा स्वतःच थोडे हळू झाले.

‘भुताचा भाऊ’ दहावा आहे तो याच जोडीच्या नावाने. भूत झालेले मामा त्यात इतरांना दिसत नाहीत ही कल्पना त्यांच्यासारख्या नटाला फार सोयीची: कुणाच्याही बोलण्यावर उघडउघड तोंडं करायला मोकळीक.

‘पांडू हवालदार’मध्ये तर नायक दादा कोंडके आहेत. तो या यादीत का?

कारण तिथून सगळं सुरू होतं. मामा पडद्यावर १९७१च्या ‘दोन्ही घरचा पाहुणा’तही होते, पण लोकांनी बोट दाखवून ‘हा कोण?’ विचारलं ते सखाराम हवालदारामुळे. दादांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. दादांसमोर उभं राहणं सोपं नव्हतं. हा माणूस द्वयर्थी वाक्य फेकून तुमच्याकडे निरागस बघत बसणार, आणि तुम्ही हसलात तर मेलात. तरुण अशोक सराफ हसत नाहीत. मघाशी म्हटलेलं ते ऐकणं इथेच तयार झालं असं मला वाटतं, हे माझं मत आहे. पुढे ‘राम राम गंगाराम’मध्येही (१९७७) ही जोडी जमली. त्या दोन्हींतून एकच घ्यायचा म्हणून ‘पांडू’ घेतला.

रंजनाबरोबरचे चित्रपट कमी पडले असं नाही वाटत?

वाटतं. ‘बिनकामाचा नवरा’ (१९८४) अकरावा आहे असं समजा. रंजना हीच एक नायिका जिच्यासमोर मामांना कधी अभिनय आवरता घ्यावा लागला नाही, कारण ती तेवढ्याच ताकदीने परत द्यायची. ‘गुपचूप गुपचूप’ यादीत आलाय तो मात्र मामांनी केलेल्या प्रोफेसर धोंड यांच्यामुळे. एखाद्या गावाला भेटलेला विक्षिप्त माणूस वर्षानुवर्षं आठवावा तसे धोंड आठवतात. चित्रपटाची गोष्ट विचाराल तर पुष्कळांना सांगता येणार नाही, धोंड मात्र करून दाखवतील.

यातले निम्मे तर रिमेक आहेत. मग कौतुक कसलं?

निम्मे नाहीत, पण आहेत. ‘बनवाबनवी’च्या मागे हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ (१९६६) आहे. ‘धुमधडाका’चं वर सांगितलंच, आणि त्या हिंदी चित्रपटाच्याही मागे १९६४चा तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’ आहे. ‘एक डाव धोबीपछाड’ची कल्पनाही बाहेरची.

पण ‘बीवी और मकान’ आज किती जणांना आठवतो? गोष्ट उसनी असते, माणसं नसतात. लीलाबाई काळभोर उसनी आणता येत नाही. दादासाहेब दांडगे बघा, ‘धोबीपछाड’मधला गुंड, ज्याला आता सभ्य माणूस व्हायचंय. सभ्यपणा अंगाला टोचतोय हे मामा नुसतं बसण्याच्या पद्धतीतून दाखवतात. ते अवघडलेपण परदेशातून आलेलं नाही.

‘आयत्या घरात घरोबा’ पाचवा का?

मालक परदेशी गेला की त्याच्या रिकाम्या बंगल्यात गुपचूप राहणारा माणूस. चोर नव्हे, चमचासुद्धा उचलत नाही. मामा त्या घरात इतक्या अदबीने वावरतात की मालकच उपरा वाटायला लागतो. विनोदी चित्रपटात एवढा मऊ माणूस त्यांनी क्वचितच केला. बाकी बोलायचं काही नाही, बघा.

हिंदीतले का नाहीत?

क्रमवारी ‘मामांच्या चित्रपटांची’ आहे, मामा ज्यात आहेत त्या चित्रपटांची नव्हे. ‘करण अर्जुन’मधला मुनशी किंवा ‘सिंघम’मधला हवालदार बघून महाराष्ट्राबाहेरचे लोक टाळ्या वाजवतात तेव्हा आपल्याला बरं वाटतं, पण तिथे त्यांना तुकडे मिळाले.

अपवाद छोट्या पडद्याचा. १९९५ साली सुरू झालेल्या ‘हम पाँच’मध्ये आनंद माथुरला पाच मुली आणि भिंतीवर पहिल्या बायकोची तसबीर. प्रिया तेंडुलकर त्या तसबिरीतून टोमणे मारतात आणि मामा खाली उभे राहून ऐकतात. माझा निकष कुणाला अजून कळला नसेल तर त्या मालिकेचा एक भाग पुरे.

गंभीर भूमिकांचं काय?

त्यांची वेगळी यादी हवी. ‘वजीर’सारखा राजकीय चित्रपट आहे, ‘चौकट राजा’ आहे, आणि ‘वेड’मधला (२०२२) बाप आहे, ज्याला मुलाचं काय करावं कळत नाही आणि तो ओरडण्याऐवजी बाजूला उभा राहतो. ‘कळत नकळत’मधला मामा मला विनोदी आणि गंभीर यांच्या बरोबर मध्ये वाटतो. ‘नाकावरच्या रागाला औषध काय’ हे गाणं ऐकून मोठी झालेली पिढी आता स्वतःच्या मुलांचा राग त्यानेच घालवते.

नाटकाचाही उल्लेख हवा. विजया मेहतांनी बसवलेल्या ‘हमीदाबाईची कोठी’त मामा होते. ज्यांनी ते पाहिलं ते अजून सांगतात आणि आम्ही गप्प ऐकतो.

‘नवरा माझा नवसाचा’ फक्त नववा? आणि दुसरा भाग?

एसटीचा प्रवास, गणपतीपुळ्याचा नवस आणि मामा कंडक्टर. त्या कंडक्टरचा अधिकार अप्रतिम आहे: बस त्याचीच, रस्ता त्याचाच, प्रवासी तेवढे चुकून आलेले. तिकीट देताना वर न बघण्याची सवयही त्यांनी अचूक उचललीय. नववा अशासाठी की प्रवास लांबतो आणि मधल्या थांब्यांवर कंडक्टर मागे पडतो. २०२४च्या दुसऱ्या भागात एसटीच्या जागी रेल्वे आली आणि मामा टीसी झाले. बढती मिळाली, पण प्रसंग नाही मिळाले.

मुलांना पहिला कोणता दाखवू?

‘बनवाबनवी’ नको! घरात आधीच सगळे संवाद पाठ असतात, मोठी माणसं आधी बोलून टाकतात, मुलांना कळतच नाही हसायचं कशाला. ‘धुमधडाका’पासून सुरू करा. आठ-नऊ वर्षांचं मूल त्या ठसक्यावर हमखास सापडतं. माझी पुतणी तीन दिवस शाळेत खोकत होती. बाईंनी सर्दीचं औषध द्या म्हणून डायरीत लिहून पाठवलं.

त्यांना ‘मामा’ का म्हणतात?

ते स्वतः सांगतात ती हकीकत साधी आहे. चित्रीकरणाच्या ठिकाणी कॅमेरामनची छोटी मुलगी आली होती, तिने काय हाक मारायची तर ‘अशोकमामा’. मग कॅमेरामनही म्हणू लागला, मग सगळं युनिट. ४ जून १९४७चा जन्म, त्यामुळे आता खरं तर आजोबा म्हणायला हवं. कुणी म्हणत नाही.

यादी बदलणार आहे का?

सातव्या आणि आठव्या नंबरात दर वर्षी मारामारी होते. आणि ‘आमच्यासारखे आम्हीच’ (१९९०) पुन्हा पाहायचाय. त्यात मामांची दुहेरी भूमिका आहे, म्हणजे काही प्रसंगांत मामा बोलतात आणि ऐकणारेही मामाच. तो यादीबाहेर राहिला कसा, हे माझं मलाच कळत नाही.